एका ओळीत मावणारा शब्द

"तो म्हणते, तुमच्या पेनाले झाकण काहून नाही?"

आचल हे सांगत होती तेव्हा तिचा भाऊ तिच्या पाठीमागे उभा होता. त्याने आधी हाताचा आडोसा करून तिच्या कानाशी काही पुटपुटलं होतं, आणि बोलून झाल्यावर तो पुन्हा तिच्या खांद्यामागे गेला होता.

"हरवलं," मी म्हणाले.

परत कान, परत पुटपुट.

"तो म्हणते, आमच्या इथं झाकण हरवलं तर मॅडम रागावतात."

"तो स्वतः का नाही बोलत माझ्याशी?"

"बोलते न. माझ्याशी बोलते, मी तुमाले सांगते. सारखंच झालं न?"

ती दहा वर्षांची होती. भाऊ नैतिक सहाला तीन आठवडे कमी. अशा मुलांची खरी नावं छापता येत नाहीत, म्हणून तेव्हाही मी ती बदलली होती आणि इथेही ही बदललेलीच आहेत. त्याला आता आठ वर्षं झाली. मी तेव्हा नागपूरच्या एका दैनिकाची आमच्या जिल्ह्याची बातमीदार होते. कार्यालय म्हणजे बसस्टँडमागे एक खोली, एक संगणक आणि जाहिराती घेणारा एक कारकून.

मला बोलावलं होतं बालगृहाच्या अधीक्षिकेने, सुलभा वाघाये यांनी. वैनगंगेकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका ट्रस्टच्या आवारात दोन इमारती होत्या. एकीत सहा वर्षांपर्यंतची मुलं-मुली, दुसरीत मोठ्या मुली. वाघाये मॅडमनी मुलांना खेळायला पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

"वडील नाहीत," त्या म्हणाल्या. "आई वीटभट्टीवर होती. टीबी झाला, औषधं अर्धवट सोडली, तो बिघडला. आता नागपूरला दवाखान्यात आहे. दोन वर्षं लागतील असं डॉक्टर म्हणतात. पण बरी होईल असंही म्हणतात. नातेवाईक कोणी पुढे येत नाही."

"मग मुलं इथे आहेतच की."

"अकरा मार्चला नैतिकला सहा पूर्ण होतात. त्यानंतर मुलगा या आवारात ठेवता येत नाही. मुलांच्या बालगृहात जागा आहे ती दीडशे किलोमीटरवर. ही इथे, तो तिथे. तुम्ही पाहिलं न, तो कोणाशी बोलतो?"

"हिच्याशी."

"हिच्याशीच. डॉक्टरलासुद्धा पोट दुखतंय हे ही सांगते." त्यांनी टेबलावरची फाइल माझ्याकडे सरकवली. "मला एक घर पाहिजे. दोघांना एकत्र ठेवेल, खाऊपिऊ घालेल, शाळेत पाठवेल आणि आई बरी झाली की तिची तिला परत देईल. कागदावर त्याला प्रतिपालक म्हणतात."

"जिल्ह्यात अशी किती घरं आहेत?"

"एक होतं. त्यांची बदली झाली." त्या हसल्या, पण ते हसणं खुशीचं नव्हतं. "दत्तक मागणाऱ्यांची माझ्याकडे रांग आहे. परत देणारा एक नाही. म्हणून सांगते, हे दत्तक नव्हे, हे ठळक लिहा. आई जिवंत आहे. या मुलांना दत्तक देताच येत नाही."

मी वहीत लिहिलं, 'दत्तक नव्हे.' खाली दोन रेघा मारल्या.

निघताना आचल फाटकापर्यंत आली. नैतिक तिच्या फ्रॉकचा पट्टा धरून मागून येत होता.

"पेपरात आलं की कोणी येते का जी?"

"येईल."

"दोघाले नेईल?"

"दोघांनाच नेता येईल, असंच लिहिणार आहे मी."

तिने भावाकडे पाहिलं. त्याने कानात काही सांगितलं नाही. बहुधा हे उत्तर त्याच्याही प्रश्नाचं होतं.

बातमी चांगली झाली. पाठमोऱ्या दोघांचा फोटो होता, ती पुढे, तो अर्धा पाऊल मागे. पहिल्या परिच्छेदात आईचा आजार आणि अकरा मार्चची तारीख. मध्ये कानात बोलणारा भाऊ. शेवटच्या दोन परिच्छेदांत प्रतिपालक म्हणजे काय, मुलं कायमची मिळत नाहीत, आई बरी झाल्यावर परत द्यावी लागतात, संपर्क कुठे करायचा. महत्त्वाचं वर आणि तपशील खाली, हे मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं आणि मी ते नीट शिकले होते.

साडेसातला नागपूरहून ठवकरांचा फोन आला. ते आमच्या जिल्ह्याचं पान लावत.

"बाई, बातमी झकास. चार कॉलम दिलेत, फोटोसकट. पण हे 'प्रतिपालक' काय आहे? 'प्रतिपालक व्हाल का या बहीण-भावाचे?' असं शीर्षक दिलं तर वाचकाला वाटेल नाटकाची जाहिरात आहे."

"कायद्यातला शब्द आहे सर."

"कायदा वाचायला लोक पेपर घेतात का? शिवाय दुसऱ्या ओळीत जातंय. एका ओळीत पाहिजे. काहीतरी साधं सांगा. सहा मिनिटं आहेत."

मी 'पालक' म्हणाले. ते म्हणाले, भाजी वाटते. मी 'आधार' म्हणाले. ते म्हणाले, लोक आधारकार्ड घेऊन येतील. पलीकडे कोणीतरी छापायला पान मागत होतं.

"दत्तक टाका," मी म्हणाले. "आत सगळं स्पष्ट केलंय."

"'दत्तक घ्याल का या बहीण-भावाला?' बसलं बघा एका ओळीत. याला म्हणतात शीर्षक."

सकाळी अंक उघडला. तळाला कूलरच्या दुकानाची जाहिरात आली होती. ती उशिरा आली असणार, म्हणून बातमी खालून कापली होती. शेवटचे दोन परिच्छेद नव्हते. बालगृहाचा फोन नंबर तेवढा कोणीतरी फोटोखाली घेतला होता.

मला वाईट वाटलं, पण फार नाही. बातम्या कापल्या जातातच. शिवाय सकाळी नऊ वाजता वाघाये मॅडमचा फोन सतत व्यस्त लागत होता, आणि त्याचा मला आनंदच झाला.

दुपारी मी गेले तेव्हा त्यांनी नमस्कारही केला नाही. समोरच्या रजिस्टरमध्ये चौतीस नावं होती, आणि चौतिसांवर काट.

"बसा आणि ऐका," त्या म्हणाल्या, आणि वाजणारा फोन स्पीकरवर टाकला.

"पेपरात वाचलं जी. पोरगा किती वर्षांचा आहे?"

"सहाचा होईल. बहीण दहाची आहे. दोघं एकत्रच—"

"पोरगी घेतलीच पाहिजे का? जोडीनंच आहे का?"

"जोडीनंच आहे. आणि दत्तक नाही आहे साहेब, सांभाळायचं आहे. आई बरी झाली की परत द्यायचं."

"परत?" पलीकडचा माणूस थांबला. "आमी खाऊ घालायचं, मोठं करायचं, आणि परत?"

"हो."

"मग पेपरात तसं लिहायचं न. फुकटचा फोन करायले लावला."

पुढच्या बाईंनी मुलगा गोरा आहे का विचारलं. त्यानंतरच्या गृहस्थांनी, ते शिक्षक होते आणि फार सभ्यपणे बोलत होते, आई खरंच वाचेल का हे विचारलं. "नाही म्हणजे, तसं काही झालं तर आम्हाला आधी कळवाल का?" वाघाये मॅडमनी नाव लिहिलं, काट मारली आणि फोन उलटा ठेवला.

"सेलमध्येसुद्धा माणूस एकावर एक फुकट घेतो," त्या म्हणाल्या. "इथे नको म्हणतात."

"मॅडम, शीर्षक माझं—"

"मला माहीत आहे. तुम्हाला सांगितलं होतं न मी?"

त्या एवढंच बोलल्या. पुढचा फोन घेतला.

मी दुरुस्ती छापायला सांगितली. ठवकर म्हणाले, चार कॉलमच्या बातमीला चार ओळींची दुरुस्ती मिळते, तोच नियम आहे. ती सातव्या पानावर आली, नगरपालिकेच्या 'शुक्रवारी नळाला पाणी येणार नाही' या सूचनेखाली. 'दत्तक' ऐवजी 'प्रतिपालक' असे वाचावे. ज्यांना पहिला शब्द कळला होता त्यांना दुसरा कळण्याचं काही कारण नव्हतं. त्या चार ओळींवर दोन फोन आले, दोन्ही नळाबद्दल.

मी पुन्हा बातमी करायला मागितली. "एक विषय महिन्यात दोनदा नाही," असं उत्तर आलं. मग मीच ओळखीच्या घरांत विचारत फिरले. तहसीलमधल्या एका कारकुनाच्या बायकोने होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सासूने नाही म्हणून कळवलं. एका डॉक्टरांनी मुलांच्या शाळेचा खर्च देतो म्हणून सांगितलं. मुलांसाठी काही देणारे बरेच निघाले. मुलं ठेवून घेणारं कोणी निघालं नाही. माझ्या स्वतःच्या घरी तेव्हा मी आणि माझी आई होतो, तीन खोल्यांत. हे मी कोणाला सांगत नव्हते आणि कोणी विचारतही नव्हतं.

बारा मार्चला सकाळी साडेआठला जीप आली. सोबत बालगृहाची एक काळजीवाहक बाई आणि एक महिला पोलीस होती. आचलने नैतिकला स्वतः अंघोळ घातली होती. भांग पाडला होता, पाणी लावून, इतकं की कानामागून ओघळत होतं. पिशवीत दोन शर्ट, दोन चड्ड्या, एक टॉवेल. ती एकेक काढून दाखवत होती आणि परत घडी घालत होती.

"हा शाळेचा. हा घरचा. उलटा नको घालजो. चड्डीत तंगड्या घालायच्या आधी शिलाई पाह्यची."

त्याने मान हलवली. मग तिच्या कानाशी गेला. या वेळी बराच वेळ बोलला. काळजीवाहक बाई म्हणाली, "काय म्हणते ग तो? लघवीले जायचं आहे का?"

"नाही. काही नाही म्हणत."

त्याला जीपमध्ये बसवलं. तो रडला नाही. खिडकीतून त्याने फक्त बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं, कारण तोपर्यंत त्याचं जे काही म्हणणं असे ते तिथूनच बाहेर येत असे. जीप वळली.

आचल पायरीवर बसली. मी तिच्याजवळ बसले आणि थोड्या वेळाने विचारलं, "काय म्हणाला ग?"

"तो म्हणते, तिकडं मी कोणाच्या कानात सांगू?"

"मग तू काय म्हणालीस?"

"जोरात सांगजो, म्हटलं." ती नाक ओढत म्हणाली. "त्याले जोरात येतच नाही जी."

हे मी छापलं नाही. छापण्यासारखं त्यात काही घडलं नव्हतं. एक मुलगा नियमाप्रमाणे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेला होता.

चोवीस एप्रिलला आमचा जाहिरातीचा कारकून लग्नाला गेला होता, म्हणून काउंटरवर मी होते. अकराच्या सुमारास एक म्हातारं जोडपं आलं. बाईच्या हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली कागदपत्रं. माणसाने डोक्यावरचा दुपट्टा काढून तोंड पुसलं.

"नावाची नोटीस द्याची आहे जी," बाई म्हणाली. "आधारवर फुलवंती पडलं. माहं नाव फुलवंता. वकील म्हणते पेपरात छापा."

"पन्नास वर्षं मी फुलवंतीच म्हणून रायलो हिले," माणूस म्हणाला. "सरकारनं माहं ऐकलं, आता हिले राग."

"तुमाले तं आपलं नाव धड लिहिता येत नाही, तारचंद का ताराचंद."

"येते न. मी दोनी लिहितो, म्हणजे चुकत नाही."

मी फॉर्म भरू लागले. फुलवंता ताराचंद शहारे, मुक्काम खैरीटोला. मी लिहीत असताना ती भिंतीला लावलेल्या जुन्या अंकांकडे पाहत होती.

"तुमच्याच पेपरात आलं होतं न ते? दोन लेकराचं. बहीण-भाऊ, पाठीकडून फोटो."

माझा हात थांबला. "हो."

"भेटलं का त्याईले घर?"

"नाही. मुलाला दुसरीकडे पाठवलं. मुलगी इथेच आहे."

"अरे बाप्पा." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "पाहा. म्हटलं नव्हतं मी?"

"काय म्हटलं होतं?" मी विचारलं.

"आपल्याकडं आणा, म्हणत होती," ताराचंद म्हणाले. "चार दिवस तेच. शेजारच्या मास्तरकडून तीनदा वाचून घेतलं. मी म्हटलं चाल. मग हेच म्हणे, नाही."

"का?"

"दत्तक लिहिलं होतं न जी तुमी," फुलवंताबाई म्हणाल्या. जणू मीच विसरले असेन, अशा समजुतीच्या स्वरात. "वर लिहिलं दत्तक, खाली लिहिलं माय दवाखान्यात. जित्या मायचं लेकरू दत्तक कसं घ्याव? ते तं तिले मारून टाकणंच झालं. दत्तक म्हणजे आपलं नाव द्याव, आपलं कूळ द्याव. आमाले नाव नव्हतं द्याचं. आमाले पोसाचं होतं."

"पोसायचं."

"हाव. मह्या बहिणीचे दोन पोरं मी चार वर्षं पोसले, ते बिमार होती तवा. ते बरी झाली, देऊन टाकले. रडली मी आठ दिवस, पण द्याचेच होते न. पोसाले पाहिजेत असं लिहिलं असतं तं आमी दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आलो असतो."

सवयीने मनात अक्षरं मोजली गेली. 'पोसाल का या बहीण-भावाला?' एका ओळीत बसत होतं. 'दत्तक घ्याल' पेक्षा दोन अक्षरं कमीच होती. आणि हा शब्द मला लहानपणापासून येत होता. माझी आई आमच्या गल्लीतल्या कुत्रीच्या पिलांबद्दलही तोच वापरत असे. मी कायद्यातला शब्द आणि पेपरातला शब्द यांमध्ये शोधत बसले होते.

"आता," मी म्हणाले. "आता ठेवून घ्याल?"

फुलवंताबाईंनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "फागुनात घर खाली होतं जी. होळीनंतर पोरगा आला हैदराबादहून. ते नवरा-बायको दोघंही कामाले लागले तिकडं, इमारतीवर. तीन लेकरं आणून टाकली. धाकटं दोन वर्षांचं आहे."

"तिनात दोन मिसळले तं काय होते?" ताराचंद म्हणाले. "भात तं घरचाच आहे."

"काय होते म्हणे! धुणं तुमी धुता का?" पण ती उठलीच होती. "चला, कुठं आहे ते पोरगी. नोटीस राहू द्या, मग येतो."

आम्ही तिघं रिक्षाने गेलो. वाघाये मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. बहिणीच्या मुलांबद्दल दोनदा विचारलं. मग घरात कोण कोण आहे ते लिहून घेतलं, आणि लिहिता लिहिता त्यांचं पेन थांबलं.

"तीन नातवंडं आहेत?"

"हाव जी."

"अशा घरात एकूण चारच मुलं ठेवता येतात. घरची धरून." त्या माझ्याकडे न पाहता बोलल्या. "तुमची तीन. म्हणजे एक."

"एक काय?" ताराचंद म्हणाले.

"एक मूल देता येईल."

बाहेर मुलींच्या इमारतीत कोणीतरी बादलीत नळ सोडला होता.

"दोघाईची जागा होती न माहाकडं," फुलवंताबाई म्हणाल्या. "होळीच्या आधी."

"तेव्हा दिली असती," वाघाये मॅडम म्हणाल्या.

"एकाले नेणं म्हणजे... मीच तोडले असं झालं न ते."

"तोडले तर आधीच गेलेत बाई. तो तिकडे आहे, ही इकडे. एक तरी घरात जाईल. पण बालकल्याण समितीपुढे ठेवायच्या आधी मुलीला विचारावं लागेल. ती दहाची आहे, तिचं म्हणणं घ्यावं लागतं."

मी म्हणाले, "तिला नका निवडायला लावू."

"मग कोण निवडू? तुम्ही?"

आचलला बोलावलं. परीक्षा संपली होती, तिच्या हातांना कोणाच्या तरी मेंदीचा ओला रंग लागला होता. वाघाये मॅडमनी तिला समोर बसवलं आणि काही न लपवता सांगितलं. हे आजी-आजोबा आहेत. आई बरी होईपर्यंत सांभाळायला तयार आहेत. आई तुमचीच राहील. पण त्यांच्या घरी एकाचीच जागा आहे. ज्याला जायचं नसेल त्याने जायचं नाही. महिन्यातून एकदा दोघा भावंडांची भेट होईल.

आचलने सगळं ऐकलं. मग ती फुलवंताबाईंकडे वळली.

"तुमच्या घरी पोरं आहेत का?"

"तीन आहेत माय. लहान लहान."

"मारकुटे आहेत का?"

"मोठा आहे थोडा. पण मी आहे न."

"शाळा किती दूर आहे?"

"घराच्या मागंच," ताराचंद म्हणाले. "घंटा वाजली की निघलं तरी चालते."

"मग त्याले न्या."

"नीट विचार कर," वाघाये मॅडम म्हणाल्या. "आज सांगितलंच पाहिजे असं नाही."

"केला न विचार. मले इथं मैत्रिणी आहेत. मी मोठी आहे." ती हे भरभर म्हणाली, तयार केलेलं असल्यासारखं. कदाचित बारा मार्चपासून तयार केलेलं असेल. "त्याले तिकडं कोणी नाही."

फुलवंताबाईंनी पदर तोंडाशी नेला. ताराचंद खिडकीकडे गेले आणि बाहेर काहीतरी पाहत राहिले.

मुलांची आई पुढे बरी झाली. बावीस महिन्यांनी दवाखान्यातून सुटली आणि दोन पत्त्यांवरून दोन मुलं गोळा करून घेऊन गेली. नैतिकला शहारेंच्या घरी पाठवायचे कागद व्हायला त्या दुपारनंतर अडीच महिने लागले. त्या काळात त्याने तिथल्या बालगृहात एकाही माणसाशी एकही शब्द बोलल्याची नोंद नाही. हे मी नंतर फाइलमध्ये वाचलं. त्या दुपारी यातलं काही माहीत नव्हतं. त्या दुपारी आचल खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून बसली होती आणि फुलवंताबाईंना समजावून सांगत होती, कारण हे दुसरं कोणी सांगू शकणार नव्हतं.

"त्याले वरण पातळ लागते. जाड दिलं तर खात नाही, पण नाही म्हणतही नाही, तोंडात धरून बसते. पाहाव लागते."

"पातळ वरण," फुलवंताबाई म्हणाल्या.

"अंधारात शीले जात नाही. कोणीतरी दाराजवळ उभं राहाव लागते आणि बोलत राहाव लागते. काहीही बोला. पाढे म्हटले तरी चालते."

"मले पाढे येत नाही माय."

"गाणं म्हणा मग. आणि ताप आला तर सांगत नाही. कान गरम होते. कान पाहजा."

"पाहीन."

"आणि त्यानं काही सांगितलं तर, तुमच्याशी बोलला तर, मोठ्यानं 'काय?' नका म्हणजा. मग तो आठ दिवस बोलत नाही. खाली वाकाव लागते."

"वाकीन न. कंबर दुखते माही, पण वाकीन."

आचल हसली. त्या दोन महिन्यांत मी तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं. मग फुलवंताबाईंनी तिचा रंगलेला हात आपल्या हातात घेतला, तळवा उलटा-सुलटा पाहिला आणि विचारलं,

"आणि तुले काय लागते, बाई?"

आचलने तोंड उघडलं आणि मिटलं. तिने वाघाये मॅडमकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आम्ही थांबलो होतो. तिला कोणी घाई केली नाही. ती खूप वेळ विचार करत राहिली, पण तिला काही आठवेना.